मदत हवी आहे: सुटलेलं बी.ए. पुन्हा सुरू करायचंय, फॉर्म पुढे सरकत नाही

वैजू४४
एफवाय झालंय. आता मुक्त विद्यापीठातून एसवायला प्रवेश हवाय. फॉर्म डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक) मागतो, तो काढायला गेलं की माहिती जुळत नाही म्हणतो. मुदत संपत आलीय. गॅप सर्टिफिकेट लागतं का? लवकर सांगा.

जुना_खडू
एफवाय कुठून, कुठल्या साली? सगळे विषय सुटलेत की एटीकेटी? काय जुळत नाही, नाव की तारीख? मनकवडे नाही आहोत, दादा.

बोरू
मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण बघा. पूर्वीचं आयडॉल, आता सीडीओई. थेट एसवाय मिळायचं तिथे.

वैजू४४
दादा नाही, ताई. सांगली, २००१. सगळे विषय पास.

जुना_खडू
बोरू, सांगली म्हणजे शिवाजी विद्यापीठ. मुंबईचं काय घेऊन बसलात!
ताई, तुमची गुणपत्रिका वार्षिक परीक्षेची, आताचा कारभार सत्रांचा आणि श्रेयांकांचा (क्रेडिटचा). एबीसीत, म्हणजे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन बँकेत, श्रेयांक जास्तीत जास्त ७ वर्षं वापरता येतात, २००१ चं तर तिथे काहीच नसणार. थेट एसवाय हवंच असेल तर प्रवेश देणाऱ्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून लेखी घ्या, तोंडी ‘होईल’वर पैसे भरू नका. मुदत जवळ आलीय तर सरळ बारावीवर पहिल्या वर्षाला बसा.

बोरू
एक वर्ष उगाच वाया घालवायला सांगताय.

जुना_खडू
आत्ता पात्रतेच्या पत्राची वाट बघत बसल्या तरी वर्ष जाणारच आहे.

मिरजकर
मूळ अडचण राहिली बाजूला. डीईबी आयडी एबीसीवरून निघतो (हल्ली त्यालाच अपार म्हणतात), एबीसी डिजिलॉकरवरून आणि डिजिलॉकर आधारवरून. म्हणजे आधारवर जे आहे ते अक्षरशः तसंच लागतं. ताई, बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आहे का?

वैजू४४
अर्थात! आधारवर सासरचं. जन्मतारीखही वेगळी आहे, शाळेत गुरुजींनी १ जून लावलीय.

जुना_खडू
‘अर्थात’ म्हणे. हे पहिल्या ओळीत हवं होतं.

झटपट_पदवी
एका वर्षात बी.ए. करून देतात. व्यनि (खासगी निरोप) करा.

मिरजकर
तीन वर्षांची पदवी एका वर्षात कायदेशीरपणे मिळत नाही. संपादक, हे उडवा. ताई, अभ्यासकेंद्रावर कुणाच्या हातात रोख देऊ नका, फी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच भरा. त्या अभ्यासक्रमाला यंदा डीईबीची मान्यता आहे का, तेही बघा.
आता नाव. डीईबीवर आधारप्रमाणेच भरा, गुणपत्रिकेप्रमाणे नको. मग विद्यापीठाच्या फॉर्मला विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. ते नसेल तर राजपत्रातला नावबदल, पण त्याला वेळ लागतो.
तारखेला मात्र लग्नाचा दाखला कामाचा नाही. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून आधी पॅन, पासपोर्ट, बँक, नोकरीची कागदपत्रं सगळं समोर मांडून कुठली तारीख जास्त ठिकाणी आहे ते बघा. नाहीतर इथलं जुळेल आणि पॅन तुटेल. आधार बदलल्यावर डिजिलॉकरमध्ये नवी तारीख दिसेपर्यंत डीईबीला हात लावू नका.

तर्जनी
गॅपसाठी म्हणजे शिक्षणातल्या खंडासाठी प्रतिज्ञापत्र, नोटरी. एका दिवसात होतं.

जुना_खडू
कशाला? तो रेग्युलर कॉलेजांचा सोस. मुक्त विद्यापीठ म्हणजे शिक्षणात खंड पडलेल्यांसाठीच काढलेलं. माहितीपुस्तिकेच्या यादीत असेल तरच करा.

तर्जनी
बरं. पण नाशिकच्या मुक्त विद्यापीठापेक्षा इग्नू (केंद्राचं मुक्त विद्यापीठ) घ्या. जानेवारी आणि जुलै, दोनदा प्रवेश. यंदाची मुदत गेली तरी सहाच महिने थांबायचं.

मिरजकर
खरंय, पण माध्यम? मराठीतून लिहायचं असेल तर यशवंतराव चव्हाण (तेच नाशिकचं) सोपं. इग्नूत ४ श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तासांचा अभ्यास. स्वाध्यायांना ३० टक्के भार असतो आणि ते हाताने लिहून द्यायचे. शिवाय पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी मुदतीत केली नाही तर त्या वर्षाचे विषय मागे पडतात, मग आधीचे पेपर दिलेले असोत वा नसोत. बरेच जण तिथेच गळतात.

बोरू
आणि हाताचं काय? वीस वर्षं फक्त सह्या केलेल्या हाताला तीन तासांचा पेपर झेपत नाही. आजपासून रोज अर्धा तास लिहा, दर आठवड्याला दहा मिनिटं वाढवा. जाड दांडीचं बॉलपेन घ्या.

तर्जनी
जेल घ्या हो, दाब लागत नाही. बॉलपेनने बोटं आखडतात.

बोरू
जेल पलीकडच्या पानावर उमटतं. उत्तरपत्रिकेचा कागद बघितलाय का?

जुना_खडू
पेनांचा वेगळा धागा काढा.

वैजू४४
मराठी माध्यमच हवंय. पॅनवर आणि नोकरीत १ जूनच आहे, म्हणून आधारच बदलतेय. सोमवारची वेळ मिळाली. पण आता शाळा सोडल्याचा दाखला काढून बघितला तर अक्षरी तारखेत ‘जून’वर गिरवून ‘जुलै’ केलंय. कुणी केलं देव जाणे. चालेल का?

जुना_खडू
नाही चालणार. खाडाखोडीचा दाखला कुठेच दाखवू नका. उद्याच शाळेत जा, जनरल रजिस्टरचा उतारा मागा आणि त्यावरून दाखल्याची दुसरी प्रत घ्या. मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का आणि रजिस्टर क्रमांक तिथेच तपासा. सोमवारची वेळ पुढे ढकला.