बीएस-6 ट्रकचा एक्झॉस्ट टेम्परेचर सेन्सर दारात बदलावा की गॅरेजातच?

हमरस्ता:
धुराचं तापमान मोजणारा हा सेन्सर मालक-चालकाने स्वतःच बदलावा, असं माझं ठाम मत आहे. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे नियम) गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आणि युरियाची यंत्रणा आली, आणि सायलेन्सरवर हे सेन्सर बसले. डीपीएफमधली काजळी जाळायला साधारण 550 ते 600 अंश लागतात. धूर किती तापलाय हे सेन्सरने सांगितलं नाही, तर कॉम्प्युटर रिजनरेशन, म्हणजे ही काजळी जाळणं, सुरूच करत नाही. काजळी साठते, ताकद कापली जाते आणि भरली गाडी खंबाटकी घाटात रांगायला लागते.

एवढ्यासाठी गाडी वर्कशॉपच्या रांगेत का लावायची? हप्ता काही थांबत नाही. सायलेन्सर निवू द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा, कनेक्टर सोडवा, वायर जाईल असा फटीचा सॉकेट लावा. नवा सेन्सर आधी हाताने आट्यात बसवा, मग पुस्तकात दिलेल्या टॉर्कने आवळा. ज्याला चाक बदलता येतं त्याला हे जमतं.

मिस्त्री_सोलापूर:
भाऊ, नवा बसवणं सोपंच आहे. जुना निघतो का, ते सांगा. वर्षानुवर्षं तापून-निवून सेन्सर आट्यातच जाम होतो. जोर लावला की आटे घेऊन बाहेर येतो, नाहीतर मान तुटून बुड आत राहतं. मग अख्खा डीपीएफ उतरवून बोअर नीट करा, आटे पुन्हा पाडा. वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च होतो. असे ट्रक टो होऊन आमच्याकडेच येतात.

तारजोड:
त्याआधी मला दोघांनाही विचारायचंय, सेन्सरच गेलाय हे ठरवलं कोणी? कॉम्प्युटर दाखवतो तो बिघाडाचा कोड अख्ख्या सर्किटचा येतो. निम्म्या वेळा वायर गरम पाइपला टेकून वितळलेली असते किंवा उंदराने कुरतडलेली असते. पीटी-200 जातीचा सेन्सर 25 अंशांना साधारण 220 ओहम दाखवतो. पण सगळे त्या जातीचे नसतात, आणि ज्यांच्यात इलेक्ट्रॉनिक्स असतं त्यांच्यावर मीटर लावून काहीच कळत नाही. रात्रभर उभ्या गाडीची सकाळी इग्निशन चालू करून स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघा. सगळ्या सेन्सरचे आकडे बाहेरच्या हवेच्या आसपास हवेत. एकच भलतीकडे गेला, तर आधी त्याची वायर तपासा.

हमरस्ता:
तारजोड, मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ही तपासणीही घरीच होते, स्वस्तातला स्कॅनर मिळतो.

तारजोड:
तो कारचा. मोठे ट्रक बहुतेक जे-1939 या वेगळ्या संदेश-पद्धतीवर बोलतात, तिथे कारचा डोंगल (खोचायचा छोटा स्कॅनर) काही वाचत नाही. ट्रकचा चांगला स्कॅनर घ्यायचा तर दोन-चार मालकांनी मिळून घ्यावा, हे मी कळकळीने सांगते.

घाटचढाई:
एवढी डोकेफोड कशाला? सेन्सरच्या जागी एक रेझिस्टर टाका, बिघाडाचा दिवा बंद.

मिस्त्री_सोलापूर:
अजिबात नको! खोटं तापमान दाखवलं की कॉम्प्युटर थंड सायलेन्सरमध्ये डिझेल सोडत बसतो, किंवा खरोखर अति तापलं तरी त्याला पत्ता लागत नाही. आतलं सिरॅमिक वितळतं. हा सल्ला कृपया कुणाला देऊ नका.

ऊसगाडी_कोल्हापूर:
मी हमरस्तांच्या बाजूचा, सेन्सर घरी बदलावाच. पण नंतर उभ्या गाडीचं रिजनरेशन दारात नको. बदलीनंतर साठलेली काजळी काढायला स्कॅनरने ते सक्तीने करावं लागतं. आमच्याकडे हंगामात अंगणभर पाचट, शेजारी गोठा. सायलेन्सरच्या तोंडातून निघणारी हवा पाचट पेटवायला पुरेशी असते. गाडी मोकळ्या मुरमाच्या जागेवर न्या, आणि रिजनरेशन चालू असताना सोडून जाऊ नका.

हमरस्ता:
हे माझ्या लिहिण्यात यायला हवं होतं. तरी मिस्त्रींना सांगतो, आटे जाण्याची भीती खरी असली तरी ती घाईने येते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, दुसऱ्या दिवशी गाडी थोडी चालवून सायलेन्सर कोमट असताना पाना लावा.

मिस्त्री_सोलापूर:
तेल मारून थोडं ढिलं, थोडं परत आवळा, असं मागेपुढे करत काढा. पाव फेऱ्यातच अडकलं तर तिथेच थांबा आणि गाडी तशीच गॅरेजला आणा, कारण अजून न तुटलेला सेन्सर मी काढू शकतो. नव्याच्या आट्यांवर कंपनीची पेस्ट असेल तर दुसरी लावू नका, आणि सेन्सरच्या टोकाला तर काहीच लावू नका. माझं मत मात्र तेच आहे, हे काम गॅरेजातच करावं.