मदत हवी आहे : हाणामारी न करता जेवू घालून टोळी (पार्टी) सांभाळणारा कॅरेक्टर कसा जमवू?

नमस्कार मंडळी, डीअँडडी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आपापलं कॅरेक्टर खेळायचा खेळ) खेळणारं कुणी असलं तर जरा बघा. आम्ही डीएम (खेळ चालवणारा) सोडून पाच जण, सगळे संभाजीनगरात नोकरीला, दर रविवारी एकाच्या फ्लॅटवर जमतो. पाचवी आवृत्ती, २०१४ ची जुनी पुस्तकं. फासे मसाल्याच्या जुन्या डब्यात ठेवतो, त्यामुळं आमचे सगळे डी-४ (चार बाजूंचे फासे) हळदीनं पिवळे झालेत. डीएम नांदेडचा, माणूस चांगलाय पण नियमाला लय पक्का.

माझा जुना कॅरेक्टर, रेंजर, मागच्या महिन्यात विहिरीत पडून मेला (त्यावर बोलायचं नाही) तर म्हणलं आता तलवारबाजी बास, आचारी घेऊ. डोक्यात कोण होतं ते सांगतो. आमच्या गावाकडं, परभणी जिल्ह्यात, सप्त्याच्या शेवटच्या दिवशी काल्यानंतर पंगत असते, त्याला एक मामा यायचे स्वयंपाकाला. काहिलीजवळ पाट टाकून तिकडं पाठ करून बसायचे, बिडी ओढत, आणि उकळीच्या आवाजावरून ओरडायचे की आमटी खाली लागायलीय, झारा घाला. सकाळपासून मंडपात भावकीची भांडणं चालू असली तरी पत्रावळी पडल्या की सगळे गप. असा माणूस मला खेळायचाय. बरं करणारा पुजारी नको, जेवू घालणारा पाहिजे.

तर नावाला क्लेरिक (मंत्रवाला पुजारी) घेतला, लाइफ डोमेन (बरं करायची शाखा), आणि चौथ्या लेव्हलला शेफ नावाचं फीट (जास्तीचं कौशल्य) घेतलं, खेळाच्याच ‘ताशा’ नावाच्या पुस्तकातलं (२०२०). विजडम (शहाणपणाचा आकडा) १७ होतं ते १८ झालं, एवढं एक बरं झालं. पण बाकीचं ऐका. त्या फीटमधी रोज खाऊ करता येतो, प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलप्रमाणं वाढणारा आकडा) जेवढा तेवढे नग, आणि एक नग खाल्ला की तेवढेच टेम्पररी एचपी (तात्पुरते जीवाचे आकडे). माझा बोनस २. म्हणजे दोन लाडू, आणि लाडवाला दोन एचपी! मागच्या रविवारी ऑगर (राक्षस) आला अंगावर, फायटर पुढं, मी म्हणलं भावा आधी तिळाचा लाडू खा, त्यानं बोनस अॅक्शन (पाळीतली जास्तीची छोटी चाल) घालवून खाल्ला, आणि ऑगरनं सोटा हाणला १३ चा. दोन लाडवानं खाल्ले, अकरा ह्यानं खाल्ले. टेबलावर सगळे इतके हसले की शेजारचे काका दार वाजवायला आले.

दुसरं दुखणं असं की शॉर्ट रेस्टच्या (तासाभराच्या विश्रांतीच्या) जेवणावर जास्तीचे एचपी मिळतात म्हणे, पण आमच्यात शॉर्ट रेस्ट कुणी घेतच नाही. एका सेशनला एक मोठी लढाई, मग धर्मशाळा, लाँग रेस्ट (रात्रभराची झोप), घरी. आणि तिसरं, डीएम दरवेळेस विचारतो की सामान कुठून आणलं, ही गुहा आहे, इथं कोथिंबीर मिळत नसती.

आता फीट बदलू का, क्लास (कॅरेक्टरचा प्रकार) बदलू, का गपगुमान मेस लावू आणि हा नाद सोडू? पार्टीत माझ्याशिवाय फायटर (लढवय्या), वॉरलॉक (मंत्रवाला), रोग (चोर) आणि विझर्ड (जादूगार) आहेत. उगं ‘मजा येते ना मग झालं’ म्हणू नका, मजा येतीच आहे, पण उपयोग पण व्हायला पाहिजे ना राव.

प्रतिसाद १
लाडू विसर, तुझा माल जेवणात आहे. शेफवाल्याचं जेवण ४ अधिक प्रोफिशियन्सी एवढ्या लोकांना पुरतं, म्हणजे तुझ्याकडं सध्या सहा पानं. तुम्ही पाचच. विश्रांतीत ज्यानं निदान एक हिट डाय (विश्रांतीत एचपी भरून काढायचा फासा) खर्च केला त्याला वर एक डी-८, सरासरी साडेचार. पाच जणांचे धर, बावीसच्या वर जातात, आणि एक पण स्पेल स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) खर्च नाही. तुझा पहिल्या लेव्हलचा क्युअर वून्ड्स (जखम बरी करायचा मंत्र) एका माणसाला डी-८ अधिक ४ देतो, लाइफ डोमेनचे ३ वर धर, तरी एकालाच. शिवाय झनाथरच्या पुस्तकात (२०१७) स्वयंपाकाच्या भांड्यांचा वेगळा नियम आहे, तू आणि अजून पाच जण, खर्च केलेल्या प्रत्येक हिट डायमागं एक एचपी जास्त. दोन्ही एकत्र चालतात का ते डीएमला विचारून घे, आमच्यात चालतं.
पण खरी गोम तूच लिहिलीस. दिवसाला एकच लढाई असली तर पंगतच बसत नाही, मग आचारी करणार काय? फीट बदलू नको, दिवस बदलायला सांग. आणि एकटा भांडू नको, फायटर आणि वॉरलॉकला सोबत घे. वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टलाच परत येतात, फायटरचा सेकंड विंड आणि अॅक्शन सर्ज ह्या युक्त्या पण. त्यांना आजवर कुणी हे सांगितलंच नसणार.

प्रतिसाद २
लाइफ डोमेन आहे म्हणतोस आणि गुडबेरीचा मंत्र नाही? ड्रुइडची (निसर्गाचे मंत्र टाकणारा क्लास) एक लेव्हल घे किंवा पुढच्या वेळी मॅजिक इनिशिएट फीट घे. गुडबेरी म्हणजे दहा बेऱ्या, एकीला एक एचपी, आणि एक खाल्ली की दिवसभराचं पोट भरतं. लाइफवाल्याला २ अधिक स्पेलची लेव्हल एवढे एचपी जास्त, म्हणजे एक बेरी ४ एचपीची. पहिल्या लेव्हलच्या एका स्लॉटात चाळीस! रात्री झोपायच्या आधी उरलेला स्लॉट त्यात घाल, चोवीस तास टिकतात. एकच अडचण, एक बेरी खायला पूर्ण अॅक्शन लागते, म्हणून लढाईत फक्त पडलेल्याला उठवायला वापर. काही डीएम हे चालू देत नाहीत, आणि २०२४ च्या नव्या नियमात ही युक्ती अशी बसत नाही, पण तुम्ही जुन्यावर खेळायलात तर विचारून बघ.
आणि बेरी काय म्हणायलास, बोरं म्हण की. धोतराच्या सोग्यात दहा बोरं बांधून फिरणारा आचारी, अजून काय पाहिजे.

प्रतिसाद ३
मी हे खेळत नाही, माझा मुलगा खेळतो, लातूरला असतो आम्ही. त्यानं वाचून दाखवलं म्हणून लिहिते. गुहेत कोथिंबीर कशाला लागती बाळा? येसर ने. धान्य, डाळ, मसाला सगळं भाजून दळलेलं, डब्यात भरलं की महिनोन्‌महिने काही होत नाही. पाण्याला उकळी आली की त्यात कालवायचं, मीठ घालायचं, आमटी झाली. सोबत ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी असली की कुणाच्या बापाचं सामान लागत नाही. पहिल्या दोन दिवसाला दशम्या नाहीतर धपाटे, नंतर येसर. हे कागदावर आधीच लिहून दे त्या पोराला, म्हणजे दरवेळेस विचारणार नाही. आम्ही येळवसाला (वेळ अमावस्येला) भज्जी, आंबील, उंडे, खीर सगळं डोक्यावर टोपलीत शेतात नेतो, रस्त्यात कुणी विचारत नाही सामान कुठून आणलं.
आणि एक कळलं नाही, भांडण लागल्यावर लाडू कशाला चारतोस? निघतानाच चारावा ना.

प्रतिसाद १
काकू, तुम्ही न खेळता बरोबर बोललात! टेम्पररी एचपी संपेपर्यंत किंवा लाँग रेस्टपर्यंत टिकतात. म्हणजे गुहेच्या तोंडाशीच लाडू वाटायचे, लढाईत बोनस अॅक्शन घालवायची गरजच नाही. फक्त ते एकमेकात मिळवता येत नाहीत, दोन लाडू खाऊन चार होत नसतात. आणि लाडू लाँग रेस्टनंतर होतात तसे नुसतं एक तास काम करून पण करता येतात, आठ तास टिकतात. मोकळा तास मिळाला की चूल पेटव.

प्रतिसाद ४
सोप्पं सांगू? मोकळी जागा असती तर बार्ड (गाणारा क्लास) आण म्हणलो असतो. दुसऱ्या लेव्हलला साँग ऑफ रेस्ट, शॉर्ट रेस्टला डी-६ जास्त, तुझ्या डी-८ च्या वर. एक गातो, एक वाढतो. विझर्डवाला कंटाळलाय का बघ जरा.

प्रतिसाद ५
नान खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) घाल की कॅरेक्टरच्या कथेत. १३२७ ला तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली तेव्हा फौजेसोबत हा पदार्थ आला असं सगळे सांगतात. फौजेचा आचारी म्हणलं की सोल्जर बॅकग्राउंड आपोआप बसतं. नियमाचं मला काही विचारू नका, मी वाचायला येतो इथं.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार, काकूंचे जास्त. येसर, पीठ, चटणी, दशम्या असं वजनासकट लिहून डीएमला पाठवलं. स्वयंपाकाची भांडी ८ पौंड, म्हणजे साडेतीन किलोच्या वर, तीच जड आहेत, काहील नेता येणार नाही म्हणाला. मान्य. वॉरलॉकवाल्याला फोन करून शॉर्ट रेस्टचं सांगितलं तर तो पाच मिनिटं गप्पच झाला, वर्षभर दोन स्लॉटवर लढायलाय बिचारा. आता तोच डीएमच्या मागं लागलाय. डीएम म्हणे तीन छोट्या लढाया ठेवतो, पण एक तास खरंच बसलात आणि धूर दिसला तर गॉब्लिन येतील. येऊ द्या, पानं सहा आहेत.
बोरांचं अजून पक्कं नाही. पाचव्या लेव्हलला ड्रुइड घेतला तर क्लेरिकचे तिसऱ्या लेव्हलचे स्पेल एक लेव्हल लांबतात, म्हणून क्लेरिकच पुढं नेऊ का मधी ड्रुइड घुसवू, कुणी दोन्ही करून बघितलं असलं तर सांगा. रविवारी चार वाजता सेशन आहे, त्याच्या आत. बायकोकडून येसर मागवलंय, ह्यावेळी खरीच आमटी नेतो फ्लॅटवर.