सड्यावर झाडं लावायची का? कासहून आल्यापासून माझं मत बदललंय

सड्यावरची:
रत्नागिरीतला आमचा बागप्रेमी ग्रुप सप्टेंबरात साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर जाऊन आला. आता पहिल्या पावसात गावच्या सड्यावर, म्हणजे मोकळ्या कातळाच्या पठारावर, २०० रोपं लावायचं ठरतंय, गुलमोहर, करंज, बदाम. माझा पूर्ण विरोध आहे. कास १२०० मीटरवर, आपला सडा त्यामानाने किती खाली, पण दगड तोच, जांभा, आणि माती बोटभर. तिथे गुडघे टेकून पाहिलं तर दवबिंदू नावाच्या इवल्या वनस्पतीच्या लालसर पानाला चिलट चिकटलेलं, अजून पाय हलत होते त्याचे. मातीत कस नाही म्हणून ही वनस्पती किडे खाते. तीच दवबिंदू, तीच सीतेची आसवं (तीही किडे खाणारी छोटी फुलझाडं) पावसात आपल्या सड्यावरपण येतात आणि आपण त्यावर गाड्या लावतो. खड्डे मारून माती-शेणखत ओतलं की तण माजणार आणि ही इवलीशी फुलं गेलीच समजा.

कलमवाला:
ताई, पटत नाही. आमच्या आजोबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे केले, डोक्यावरून माती वाहिली तेव्हा हापूस उभा राहिला, त्यावर तीन पिढ्या जेवल्या. ते चुकले का? एप्रिलात सडा तव्यासारखा तापतो, सावली नको?

सड्यावरची:
नाही हो दादा, आजोबांचे कष्ट कोण नाकारेल. मी उरलेल्या मोकळ्या कातळाबद्दल बोलतेय, तो ओसाड दिसतो म्हणून हिरवा करायचा, हे मला खटकतं.

वाडीतला:
मोकळा ठेवायचा तर कुंपण तेवढं घालू नका. कासला घातलं, गुरं बंद झाली, गवत उंच वाढून फुलं दबली अशी तिथल्याच लोकांची तक्रार होती. आमची गुरं सड्यावर चरतात ती चरू देत. आणि सड्यावर पडलेलं पाणीच झिरपून खाली वाडीतल्या विहिरींना येतं, हे पण ग्रुपला सांगा.

कलमवाला:
सगळं मान्य, पण सडा ज्याच्या सातबाऱ्यावर आहे त्याने फुलं बघून पोट भरायचं का? चिरेखाणवाला, जांभ्याचे चिरे काढणारा, रोख पैसे घेऊन दारात येतो.

सड्यावरची:
हा प्रश्न खरा आहे आणि मला पूर्ण उत्तर सुचत नाही. कासला प्रवेश शुल्क आहे, व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीकडे आहे, तसं काही आपल्याकडे जमेल का, मालकांना बरोबर घेऊन बोलायला हवं. तोवर ती २०० रोपं खाली शाळेच्या रस्त्याला लावूया, तिथे माती आहे, खड्डे मारायला मी येते. आणि दादा, जूनमध्ये एकदा सड्यावर चला माझ्याबरोबर, दीपकाडीची पांढरी फुलं दाखवते, ती कासलापण नाहीत.