शब्दचर्चा : ‘लॉजिस्टिक्स’साठी ‘रसद’ चालेल का, आणि ‘मानवतावादी’ साखळी असते का?

जळगावहून प्रश्न

मी वाणिज्य शाखेत संशोधन करते. आपत्तीनंतर जहाजाने बंदरात उतरलेले मदतसाहित्य आतल्या भागातील गावांपर्यंत कसे पोचते, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे आणि त्याचा सारांश मला मराठीत द्यायचा आहे. ‘मानवतावादी लॉजिस्टिक्स आणि सागरी पुरवठा साखळी’ असे शीर्षक मी केले होते. मार्गदर्शकांनी ‘लॉजिस्टिक्स’ला, म्हणजे माल साठवून, हलवून ठिकाणावर पोचवण्याच्या व्यवस्थेला, मराठी शब्द शोधायला सांगितले आहे. एका मैत्रिणीने ‘संभारतंत्र’ सुचवले, पण तो शब्द मी कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. ‘रसद’ म्हटले तर फार जुने किंवा लष्करी वाटेल का?

धरणगावहून उत्तर

ताई, आधी विशेषणाकडे पाहू, कारण माझ्या मते मोठी अडचण तिथेच आहे. ‘वादी’ हे उत्तरपद एखादे मत मानणाऱ्याला लागते : समाजवादी, गांधीवादी, विवेकवादी. माणूस मानवतावादी असतो, त्याची भूमिका मानवतावादी असते. साखळी कोणतेच मत मानत नाही. वर्तमानपत्रांनी ‘मानवतावादी मदत’ रूढ केले आहे आणि मदतीमागे भूमिका असते म्हणून ते एक वेळ चालून जाईल, पण ‘मानवतावादी लॉजिस्टिक्स’ वाचल्यावर ती या शास्त्रातली एखादी विचारसरणी असावी असा समज होतो. आपल्याला म्हणायचे आहे ते एवढेच, की हा पुरवठा नफ्यासाठी नसून संकटात सापडलेल्यांसाठी आहे. त्यासाठी ‘मदतकार्य’ हा सर्वांच्या ओळखीचा शब्द आपल्याकडे आहे, तो सोडू नये.

‘रसद’ लष्करी आहे हे खरे, पण ‘लॉजिस्टिक्स’ही लष्करीच आहे. जोमिनी या युद्धशास्त्रज्ञाने १८३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा शब्द रुळवला आणि त्याचा संबंध सैन्याच्या मुक्कामाची सोय पाहणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या पदनामाशी जोडला. म्हणजे दोन्ही शब्द छावणीतच वाढले. फरक वेगळ्या ठिकाणी आहे. ‘रसद’ फारसीतून आला आणि मराठीत तो वस्तूचे नाव म्हणून राहिला : रसद पोचते, रसद तुटते, शत्रूची रसद मारतात. पेशवाईत कमाविसदाराने, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याने, सरकारात आगाऊ भरायच्या रकमेलाही रसद म्हणत. तिथेही ती पोचवायची गोष्टच होती, पोचवण्याचे काम नव्हे. म्हणून नुसते ‘रसद’ अपुरे पडेल आणि ‘रसदव्यवस्था’ हे पुरेसे होईल. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने मदतकार्याची क्षेत्रवार जबाबदारी ठरली, तेव्हा ‘लॉजिस्टिक्स’चे क्षेत्र जागतिक अन्न कार्यक्रमाकडे आले. त्याला ‘रसद क्षेत्र’ म्हटले तर कुठे अडते?

जळगावहून

सर, मग ‘रसदव्यवस्था’ आणि ‘पुरवठा साखळी’ यांत फरक काय करावा? बरेच लेखक दोन्ही एकाच अर्थाने वापरतात.

धरणगावहून

फरक केळीवरून दाखवतो. सावदा-रावेर पट्ट्यात घड कापला जातो, फण्या वेगळ्या होतात, तुरटीच्या पाण्यात धुतल्या जातात, खोक्यांत भरून शीत कंटेनरमध्ये चढतात, आणि तेरा-चौदा अंशांच्या आसपास तापमान राखून न्हावा शेव्याला व तिथून जहाजाने आखाती देशांत जातात. तापमान त्याहून बरेच खाली गेले की साल काळवंडते. बांधणी, साठवण, चढउतार, तापमान, मार्ग या सगळ्याची जुळणी ही रसदव्यवस्था झाली. शेतकरी, कापणीचा मुकादम, व्यापारी, जहाज कंपनी आणि पलीकडचा खरेदीदार यांना बांधणारे सौदे, पैसा आणि माहिती जमेस धरली की ती पुरवठा साखळी होते. रसदव्यवस्था साखळीच्या पोटात असते. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे अडकले होते. अडकले ते वाहतुकीचे साधन, पण अनेक देशांतल्या खरेदीदारांचे वेळापत्रक कोलमडले ते साखळीमुळे.

मदतकार्यात या साखळीचे एक टोक वेगळे असते, आणि ते मी स्वतः पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला, तेव्हा आमच्या भागातून एक ट्रक भरून गेला आणि मी त्याच्यासोबत होतो. तांदूळ, बिस्किटे, औषधे, साड्या आणि फाटके कपडे एकाच गोणीत कोंबलेले होते. गोणीवर काहीही लिहिलेले नव्हते. तिथल्या शाळेच्या वऱ्हांड्यात गावातल्या बायका रात्री उशिरापर्यंत ते सामान निवडत बसल्या होत्या, धान्य निवडावे तसे. एका गोणीत औषधाची बाटली फुटून तांदूळ वाया गेला होता. न मागितलेले असे साहित्य खऱ्या कामाची वाट अडवते, हा या विषयावरच्या संशोधनातला नेहमीचा मुद्दा आहे, आणि २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर या संशोधनाला मोठी चालना मिळाली. व्यापारी साखळीत माल घेणारा पैसे मोजतो म्हणून त्याला नको तो माल परत फिरवता येतो. इथे पैसे देणारा एक आणि घेणारा दुसरा, त्यामुळे घेणाऱ्याचे ‘नको’ वर पोचतच नाही. म्हणून तुमच्या सारांशात ‘मदत’ आणि ‘पुरवठा’ हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुरवठ्याला मागणी लागते. आपत्तीच्या पहिल्या दिवसांत माहिती नसते, तेव्हा अंदाजाने धाडावे लागते; पुढे मागणीपत्र येऊ लागले की त्याप्रमाणे धाडायचे. या दोन पद्धतींना ‘अंदाजी पुरवठा’ आणि ‘मागणीनुसार पुरवठा’ असे सरळ म्हणता येईल.

भुसावळहून

मी रेल्वेच्या मालधक्क्यावर बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून दोन शब्दांची भर घालतो. ‘डेमरेज’ला आमच्याकडे सर्रास ‘डॅमरेज’ म्हणतात आणि नवखा माणूस ते माल खराब झाल्याची भरपाई समजतो. ते तसे नाही. सवलतीच्या वेळेपेक्षा जास्त काळ वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, अडवून ठेवली तर डेमरेज लागते. वाघीण रिकामी झाली पण माल धक्क्यावरून उचलला नाही तर व्हार्फेज लागते. कंटेनरच्या धंद्यात पुन्हा वेगळे : भरलेला कंटेनर मुदतीनंतर बंदरातच राहिला तर डेमरेज, आणि बाहेर नेलेला रिकामा करून वेळेत परत केला नाही तर डिटेन्शन. ताईंनी सगळ्यालाच ‘विलंब शुल्क’ म्हटले तर वाचकाला नेमके काय अडले होते ते कळणार नाही. ‘वाघीण-विलंब’, ‘धक्का-भाडे’, ‘कंटेनर-विलंब’ असे काही करावे.

दुसरा शब्द ‘हुंडेकरी’. वाटेतली जकात, भाडे, हमाली सगळे धरून एकठोक रकमेत माल ठिकाणावर पोचवून देण्याची हमी घेणारा तो हुंडेकरी, आणि ती रक्कम म्हणजे हुंडाभाडे. आज रस्ता, रेल्वे आणि जहाज मिळून एकाच कराराने माल नेणाऱ्याला आपण इंग्रजीतच हाक मारतो; त्यालाही हुंडेकरी म्हणता येईल.

धरणगावहून

‘हुंडेकरी’ची आठवण दिलीत, फार बरे झाले. ‘वखार’ही याच पंक्तीतला. १६७४ साली आमच्या धरणगावात इंग्रजांनी वखार घातली, आणि आजही राज्याचे वखार महामंडळ आहेच; तीनशे वर्षांहून अधिक काळ चालू असलेला शब्द असताना ‘वेअरहाउस’ लिहिण्याचे मला कारण दिसत नाही. ‘कंटेनर’ला मात्र प्रतिशब्द शोधू नये. १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाने अठ्ठावन्न पेट्या जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या, तेव्हापासून ही वस्तू स्वतःचे नाव घेऊनच सगळीकडे गेली आहे, आणि महामार्गावरच्या आपल्या चालकांनीही ते नाव स्वीकारले आहे.

जळगावहून

सर्वांचे मनापासून आभार. शीर्षक आता ‘मदतकार्यातील रसदव्यवस्था : बंदरापासून गावापर्यंतची पुरवठा साखळी’ असे केले आहे. एकच शंका उरली. ‘लास्ट माइल’ला, म्हणजे माल घेणाऱ्याच्या हाती पोचण्याआधीच्या अखेरच्या वाटेला, मी ‘शेवटचा मैल’ लिहिले आहे. ते चालेल का?

धरणगावहून

‘शेवटचा टप्पा’ लिहा. मराठीत प्रवासाचे टप्पे असतात. मैल हे फक्त माप आहे, आणि इथे अंतर मोजायचेच नाही. आमचा ट्रक सांगलीकडे ज्या गावाबाहेर थांबला, तिथून पुढे रस्ता पाण्याखाली होता. निवडलेल्या गोण्या आधी ट्रॅक्टरवर आणि मग होडीत चढल्या. वेशीपासून दारापर्यंतचे ते अंतर हाकेएवढे होते, पण त्याला जवळजवळ अख्खा दिवस लागला.