वॉशिंग सेंटरच्या पाण्यातलं तेल कसं काढावं?

चोपड्याचं गॅरेज:
राम राम मंडळी. चोपड्याजवळ माझं ट्रॅक्टर-मोटारसायकलचं गॅरेज आणि वॉशिंग सेंटर आहे. धुतलेलं पाणी चारीने मागच्या नाल्यात जातं. नाल्याकाठी शेजारच्या आप्पांची केळी आहे, विहीर आहे. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसतो. आप्पा काही बोलत नाहीत, पण मलाच बघवत नाही. लाकडाचा भुसा टाकला तर तो पाणी पिऊन तळाशी बसतो. तेल शोषणारे पॅड ऑनलाइन मिळतात, पण महाग आहेत. स्वस्तात काय करता येईल?

पारोळ्याचा कापूसवाला:
भाऊ, कापसाच्या मुलखात राहून पॅड कशाला? जिनिंगमधला न धुतलेला कापूस आणा, कवडी, म्हणजे हलक्या प्रतीचा, असला तरी चालेल. धाग्यावर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे त्याला पाणी लागत नाही, तेल मात्र तो ओढतो. मेडिकलचा कापूस नको, त्यातलं मेण काढलेलं असतं. दोन्ही ग्लासभर पाण्यात टाकून बघा, जिनिंगचा तरंगतो आणि मेडिकलचा बुडतो. सातपुड्यातली काटेसावर आणि बांधावरची रुई, यांच्या बोंडातले धागे तर आतून पोकळ असतात, ते आणखी तेल धरतात. कांद्याच्या जाळीदार गोणीत सैल भरून पाण्यावर सोडा. पिळून पुन्हा वापरता येतो.

भुसावळचे नाना:
कापसाचं बरोबर आहे, पण तो शेवटी. कारखान्याच्या सांडपाण्याचं काम करण्यातच माझी सगळी नोकरी झाली. लोक शोषकावर पैसे घालतात आणि साबणाचा विचारच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी चारीतलं पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर तेलाचा थर आणि खाली निवळ पाणी दिसलं, तर काम सोपं आहे. पाणी दुधाळ-राखाडीच राहिलं, तर साबणाने तेलाचे बारीक कण करून पाण्यात धरून ठेवलेत. तिथे कापूसही चालत नाही आणि महागडा पॅडही. म्हणून इंजिनावरचा चिकटा आधी कोरडा खरडून डब्यात काढा, आणि शाम्पू-पावडरचं पाणी वेगळ्या चारीने न्या. त्या पाण्याला तुरटी लागते. बादलीत थोडी थोडी घालून बघा, गोळे धरून पाणी फुटेल तीच मात्रा.

साध्या तेलकट पाण्याला तीन कप्प्यांची टाकी पुरते. ऑइल पाण्याहून हलकं, पाणी संथ असलं की आपोआप वर येतं. कणाचा आकार दुप्पट झाला तर वर यायचा वेग चौपट होतो, म्हणून पंपाने घुसळून कण बारीक करू नका, उतारानेच पाणी जाऊ द्या. पुढच्या कप्प्यात जाणाऱ्या पाइपला एल्बो (काटकोनी जोड) लावून त्याचं तोंड पाण्यात खाली ठेवा, तळाला टेकवू नका. तेल वर अडतं, खालचं पाणी सरकतं. टाकीआधी गाळाचा खड्डा हवाच, नाहीतर ट्रॅक्टरच्या मातीने टाकी भरते. कापसाची गोणी शेवटच्या कप्प्यात.

चोपड्याचं गॅरेज:
नाना, बाटली आजच भरतो. शेताच्या कडेला नुसता खड्डा खणून चालेल का? आणि तेलाने भिजलेला कापूस चुलीत जाळला तर?

भुसावळचे नाना:
दोन्ही नको. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेल सरळ खाली उतरेल. टाकी पक्कीच बांधा. कापूस जाळला तर विषारी धूर होतो. वरून काढलेलं तेल झाकणाच्या ड्रममध्ये साठवा आणि जळकं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकालाच द्या, कापसाचंही त्यालाच विचारा. कुंपणाच्या खांबांना चोपडायला कोणी मागितलं तरी देऊ नका. टाकी सुरू झाली की बाहेर पडणारं पाणी प्रयोगशाळेत तपासा. नाल्यात सोडायला तेल-ग्रीस लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत लागतं. तो कागद आप्पांना दाखवा.

पारोळ्याचा कापूसवाला:
कवडी कापूस लागला तर सांगा, पोतंभर पाठवतो.