अनुभव धागा: तुमचं स्टार्ट बटण कुठं गेलं होतं?

टिळकवाडीकरीण
गेल्या महिन्यात आमच्या बाबांचा कॉम्प्युटर विंडोज 10 वरून 11 वर नेला. मीच नेला, दुकानात दिला नाही, त्यामुळं शिव्या पण मलाच. बाबा 71 वर्षांचे, रिटायर झाल्यावर दोन-तीन ओळखीच्या दुकानदारांचे हिशेब घरी बसून बघतात, सकाळी आंघोळ-पूजा झाली की कॉम्प्युटर चालू. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात आणि यांचा फोन, "माझं बटण कुणी काढलं?" म्हटलं काढलं नाही बाबा, कोपऱ्यातनं मधे आलंय. तर म्हणाले, "मधे कशाला? मी काय मधे बघतोय काय?"

तेव्हा हसले. संध्याकाळी शेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं की बाबा बटणाकडं बघतच नाहीत. डोळे वहीत, माऊस डाव्या खालच्या कोपऱ्यात भिरकवायचा, तो तिथं जाऊन अडतो, की दाबायचं. पंचवीसेक वर्षं हेच. विंडोज 95 पासून म्हणजे 1995 पासून ते बटण तिथंच होतं, मधला थोडा काळ सोडला तर (तो कुणीतरी लिहीलच खाली). आता नेम धरून दाबावं लागतंय, आणि वर जसजसे प्रोग्राम उघडाल तसं ते मधलं बटण डावीकडं सरकत जातंय, म्हणजे मघाशी जिथं होतं तिथं आत्ता असेलच असं नाही.

इलाज सोपा आहे, टास्कबारवर राईट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, त्यात अलाइनमेंट लेफ्ट. पाच मिनिटांचं पण काम नाही. पण तो अख्खा दिवस बाबा एकटे बसून काय करत होते हे मी विचारलंच नाही, आणि त्यांनी सांगितलंही नाही. म्हणून हा धागा. कंपनीला नावं ठेवायला बाकी जागा भरपूर आहे, इथं तुमच्या घरात, दुकानात, शाळेत स्क्रीन बदलली तेव्हा माणसांनी काय केलं ते लिहा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलंही चालेल.

शहापूरचा प्रेसवाला
तो मधला काळ माझ्याच वाट्याला आला बघा. आम्ही लग्नपत्रिका छापतो, मराठी-कन्नड दोन्ही, बऱ्याच घरांत एक बाजू मराठी आणि एक बाजू कन्नड लागते. 2012 च्या ऑक्टोबरात विंडोज 8 आलं आणि माझी जुनी मशीन नेमकी त्याच दिवाळीत गेली. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू, थांबायला वेळ नाही, नवीन आणली त्यात तेच घातलेलं. चालू केलं की रंगीत फरश्या बसवल्यासारखी स्क्रीन. डेस्कटॉप नावाची पण एक फरशी, ती दाबली की जरा ओळखीचं चित्र यायचं, पण खाली स्टार्टच नाही. एक गिऱ्हाईक बघून म्हणालं, मोबाईल मोठा घेतलास काय वो?

पहिल्याच रात्री 9 वाजता शटर ओढायचं आणि हे बंदच होईना. अर्धा तास शोधलं, घरनं दोन फोन आले, शेवटी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि गेलो. दुसऱ्या दिवशी पण तेच. खोटं कशाला बोलू, आठ दिवस मी असंच बंद करत होतो, कामाच्या पोराला सांगायचं करंट गेलाय समज. मग भाच्यानं दाखवलं, माऊस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, एक पट्टी बाहेर येते, त्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, त्यात शट डाऊन. म्हटलं लेका, दुकान बंद करायला कुणी सेटिंग करतं काय? मग त्यानं सोपं सांगितलं, डेस्कटॉपवर येऊन अल्ट धरून एफ4. ते चिकटपट्टीवर लिहून मॉनिटरला लावलं. मॉनिटर बदलला, चिकटपट्टी काढून नव्याला लावली.

त्याहून जास्त त्रास प्रूफ दाखवताना झाला. पीडीएफ उघडली की अख्खी स्क्रीन भरून, आणि कोपऱ्यात फुलीच नाही. वरच्या कडेला धरून खाली ओढून टाकायचं असतं ते. हे कुठनं कळणार? शेजारी मुलीचे काका बसलेत, मामाचं नाव राहिलंय म्हणून ओरडूलालेत आणि मी फुली शोधूलालोय.

2013 च्या ऑक्टोबरात 8.1 आलं, बटण परत दिसलं, पेढे वाटायचे बाकी होते. दाबलं तर परत फरश्याच! पण त्यावर राईट क्लिक केलं तर शट डाऊन मिळायचं, तेवढ्यावर भागवलं. पुढं 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारदरबारी गावाचं नाव बेळगावी झालं आणि लेटरहेड, बिलबुकं, शिक्के, सगळ्या जुन्या फायली उघडून इंग्रजी स्पेलिंग बदलायची कामं आली, म्हणजे धंदा झाला ते खरं. पण तोंडात बेळगाव बसलंय ते बसलंय, आणि हात अजून त्याच कोपऱ्यात जातो.

उद्यमबाग
आमच्याकडं काय बदललंच नाही वो. टर्निंगच्या मशीनला प्रोग्राम पाठवायचा कॉम्प्युटर जुन्या विंडोज एक्सपीचा आहे, मागं ती जुनी नऊ पिनांची केबल, नव्या मशीनला ती लागतच नाही. 8 एप्रिल 2014 ला एक्सपीचा सपोर्ट संपला, म्हणजे कंपनीकडनं सुरक्षेची अपडेट बंद, आम्ही इंटरनेटची वायर काढून टाकली, विषय संपला. हिरवं बटण आहे, ऑईलचे हात लागून काळं झालेला माऊस आहे, चाललंय.

वडगाव, साड्यांचं दुकान
दुकान आणि घरचे माग असे वेगवेगळे हिशेब, शिवाय भावाचं दुकान, तिन्हीच्या खिडक्या एकदम उघड्या असतात. खाली पट्टीवर तिघांची नावं लिहून यायची, नाव बघून दाबायचं. 11 आलं तेव्हा नावं गेली, एकाच प्रोग्रामच्या सगळ्या खिडक्या मिळून एक चित्र. त्यावर माऊस नेला की छोटे छोटे तीन फोटो दिसतात आणि तिन्ही सारखेच, कारण सॉफ्टवेअर एकच की! दोन दिवसांची सुताची खरेदी मी भावाच्या दुकानात चढवली. चूक माझीच, वाचून दाबायला पाहिजे होतं, पण वाचायला तिथं काही ठेवलं तर ना. वहिनीनं पकडलं, महिनाअखेरीला, सगळ्यांच्या समोर.

नावं परत दाखवायची सोय 2023 मधल्या अपडेटनं दिली, टास्कबार सेटिंग्जमध्ये कम्बाइनच्या समोर नेव्हर करायचं. कुणाला माहीत नसेल तर करून घ्या आजच.

एक इंजिनियर, सध्या पुण्यात
सगळ्यांचं वाचलं, सहानुभूती आहे, पण खरं सांगू का, आपण प्रत्येक वेळी असंच रडतो. 2001 मध्ये एक्सपी आलं तेव्हा त्या निळ्या-हिरव्या रंगाला लोक खेळण्यातलं म्हणत होते, आणि तेच लोक 2014 मध्ये एक्सपी गेलं म्हणून हळहळत होते. सवय झाली की तेच छान वाटतं. कोपरा सोडून मधे बघायला शिकायला किती दिवस लागतात?

टिळकवाडीकरीण
@इंजिनियर, तुम्हाला दोन दिवस लागतात. बाबांना दोन दिवसांत जीएसटी भरायचा असतो.

खानापूर, झेरॉक्स आणि ऑनलाईन सेंटर
पुण्याच्या दादांना सांगते, प्रश्न नुसता सवयीचा नाही, भाषेचा पण आहे. माझं शिक्षण मराठी शाळेत, फॉर्म सगळे कन्नडमधनं, आणि कॉम्प्युटरची पाटी इंग्लिशमध्ये. मी कामाला लागले तेव्हा आधीच्या ताईनं मला वाचून नाही शिकवलं, मोजून शिकवलं. राईट क्लिक कर, मधल्या घरात दुसरं ते कॉपी. डावीकडं तिसरं फोल्डर उताऱ्याचं, चौथं जात-उत्पन्न दाखल्याचं. आमच्या डोक्यात कॉम्प्युटर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखा आहे, अंधारात पण हात घातला की मीठच येतं.

11 मध्ये राईट क्लिक केलं तर कॉपीचा शब्दच नाही, बारीक बारीक चित्रं, आणि ती पण कधी यादीच्या वर कधी खाली, जिथं माऊस असेल तसं. एक आजोबा जांबोटीकडनं बस पकडून आलेले, त्यांचा उतारा डाऊनलोड करून पेनड्राईव्हवर द्यायचा होता, मी घाईत कॉपी समजून कचऱ्याच्या डब्याचं चित्र दाबलं. फाईल गायब. आजोबा कन्नड बोलणारे, ते मला विचारूलालेत "येल्ली होतु री?" म्हणजे कुठं गेलं हो, आणि मला रडू यायचं बाकी. रिसायकल बिनमध्ये होती, मिळाली. पण त्या दिवसापासनं मी चित्रांना हात लावत नाही, शो मोअर ऑप्शन्स दाबून जुनी यादी काढते, एक क्लिक जास्त जाऊ दे. 2024 च्या मोठ्या अपडेटनंतर त्या चित्रांखाली नावं आलीत म्हणे, आमच्या मशीनवर अजून आलेली नाहीत.

टायपिंगचं मात्र चांगलं झालं. विंडोज 10 मध्ये 2019 ला मराठी आणि कन्नड दोन्हीचे आवाजाप्रमाणं लिहायचे कीबोर्ड आले, विंडोजचं बटण धरून स्पेस दाबली की भाषा बदलते. जुन्या नुडीतलं (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) कन्नड दुसऱ्या मशीनवर नेलं की फॉन्ट नसल्यावर किडे-मुंग्या दिसायच्या, तो ताप आता कमी झालाय. हे पण सांगायला पाहिजे ना, नुसतं वाईटच कशाला.

शहापूरचा प्रेसवाला
डब्यांचं बरोबर बोललीस ताई. आमच्यात सून नवीन आली की आधी डबेच हलवते.

चिकोडी
मी उलटं सांगणार आहे, चिडू नका. ज्या फरश्यांना तुम्ही शिव्या घालताय त्यांच्यामुळं माझी आजी कॉम्प्युटर शिकली. 2013 मध्ये काकांनी टच स्क्रीनचा लॅपटॉप पाठवला, विंडोज 8 चा. आजीला मराठी अक्षरं जुळवून वाचता यायची, कन्नड बोलायला येतं वाचायला नाही, इंग्लिशचा प्रश्नच नाही. ती त्या फरश्यांना घरं म्हणायची. निळ्या घरात काका दिसतात (व्हिडिओ कॉल), जांभळ्यात फोटो, हिरव्यात पत्त्यांचा गेम. मोठी मोठी घरं, बोट लावलं की उघडायचं, माऊस तिनं आयुष्यात धरला नाही. संध्याकाळी देवाला दिवा लावला की लॅपटॉप मांडीवर. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या.

2015 मध्ये 10 फुकट मिळतंय म्हणून मी हौसेनं टाकलं. 29 जुलैला आलं आणि पहिल्या आठवड्यातच टाकलं, एवढी हौस. स्टार्ट मेनू परत आला, सगळी दुनिया खूष. आजीनं लॅपटॉप उघडला आणि मला म्हणाली, "माझी घरं कुणी पाडली रे?" घरं होती, पण स्टार्ट दाबल्यावर त्या मेनूत उजवीकडं लहान होऊन बसलेली, आणि स्टार्ट दाबायचं हे तिला माहीतच नव्हतं, तिच्या लॅपटॉपला ते कधी नव्हतंच की! टॅब्लेट मोड लावला की घरं परत मोठी होतात हे मला कळेपर्यंत चार महिने गेले, तोपर्यंत तिनं लॅपटॉप कपाटात ठेवून दिला होता. परत काढून दिला तर म्हणाली राहू दे आता. काकांशी नंतर फोनवरच बोलायची, माझ्या फोनवरनं, मी असलो तर.

हिंडलगा
चिकोडीकर, वाचून गलबलायला झालं.

माझं वेगळं. 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, माझी मशीन इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या आय3 प्रोसेसरची, 11 ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे आपण बादच. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती पण म्हटलं आज ना उद्या करायचंच आहे, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकली. गंमत म्हणजे त्यात मेनूचं बटण डाव्या खालच्या कोपऱ्यातच आहे. आईला मी सांगितलंच नाही काही, तीन आठवडे झाले, ती तिच्या पाककृती आणि भजनं लावून बसते, फक्त एकदा म्हणाली भिंतीवरचं चित्र चांगलं लावलंयस. अडचण एकच, तिच्या मंडळाचे जुने कार्यक्रम श्रीलिपीत (जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाईप केलेत, ते इथं उघडले की नुसती इंग्लिश अक्षरांची खिचडी. त्यासाठी शेजाऱ्यांकडं जावं लागतंय.

निपाणी, रिटायर मास्तर
शाळेत लॅबमध्ये काही मशीन 7 च्या, काही 10 च्या, आणि पुस्तकातली चित्रं एक्सपीची. मी फळ्यावर स्क्रीन काढून शिकवायचो, डाव्या हाताला खाली गोल काढायचा, हे स्टार्ट. पोरं गोल बघायची, पडद्यावर चौकोन दिसायचा. पण त्यांना काही वाटायचं नाही, मोबाईलवर वाढलेली, दिसेल ते दाबून बघायची, चुकलं तर मागं यायचं. अडायचो मीच. एकदा परीक्षेला प्रश्न घातला, स्टार्ट बटण कुठे असते? एका पोरीनं लिहिलं, "कीबोर्डवर, कंट्रोल आणि अल्टच्या मधे." मी आधी चूक दिली. मग घरी येऊन कीबोर्ड बघितला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण मार्क दिले.

टिळकवाडीकरीण
मास्तर, हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कीबोर्डवरचं ते बटण दाबून बघितलं, मेनू आला, परत दाबलं, गेला. "हे आधीपासून होतं?" म्हणाले. आता माऊसला हात लावत नाहीत, दिवसभर ते दाबतात.

वडगाव, साड्यांचं दुकान
खानापूरच्या ताई, शो मोअर ऑप्शन्ससाठी एवढं कशाला, फाईल सिलेक्ट करून शिफ्ट धरून एफ10 दाबा, जुनी यादी सरळ येते.

खानापूर, झेरॉक्स आणि ऑनलाईन सेंटर
दाबलं. आवाज कमी झाला फक्त.

वडगाव, साड्यांचं दुकान
लॅपटॉप असेल. एफएन पण धरा.