निवृत्तीनंतर डोक्याला जबाबदारी हवी

तुमचे निवृत्त वडील रोज शब्दकोडी सोडवतात, म्हणजे त्यांच्या स्मरणशक्तीची काळजी नाही, असं तुम्ही लिहिलंय. मला ते पुरेसं वाटत नाही. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवरच्या ‘व्हाइटहॉल २’ अभ्यासात (२०१८) निवृत्तीनंतर शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता आधीपेक्षा ३८ टक्के वेगाने घसरलेली दिसली. तर्कशक्तीवर मात्र तसा परिणाम नव्हता.

माझे सासरे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. सुरुवातीला दिवसभर टीव्ही. शेजाऱ्यांची नावंही अडायला लागली. आता सोसायटीचा हिशेब त्यांच्याकडे आहे. मेंटेनन्सच्या पावत्या, टँकरवाल्याशी घासाघीस, कोणाचे किती थकलेत ते तोंडपाठ! फरक आम्हाला स्पष्ट जाणवतो.

वडिलांना सावानात (सार्वजनिक वाचनालयात) नुसतं पेपर वाचायला पाठवू नका, एखादं काम अंगावर घेऊ द्या. आणि हो, आधी कान तपासून घ्या. ऐकू कमी आलं की माणूस गप्पांतून अंग काढून घेतो आणि घरच्यांना ते विस्मरण वाटतं.